पाचव्या काचेची फाइल

आमच्या वन्संना भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं चालत नाही. घरात आल्या की चपला काढायच्या आधी त्या ते सरळ करतात. मग पडदे, मग टेबलावरचं कापड, मग मी. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितलं होतं की तुझा भांग डावीकडे सरकलाय. आरशात पाहिलं तर खरंच सरकला होता. ह्यांचं म्हणणं असं की ताईने आपल्याला पाळण्यात घालायच्या आधी पाळणा मोजून घेतला असणार.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, सहा वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही. का नाही केलं हे मी कधी विचारलं नाही, आणि ज्यांनी विचारलं त्यांना दुसऱ्यांदा विचारायची हिंमत झाली नाही. बाविसाव्या वर्षी त्या काचेच्या कारखान्यात लागल्या आणि त्रेसष्टाव्या वर्षी बाहेर पडल्या. कारखान्यात त्यांच्यामागे सगळे त्यांना 'फूटपट्टी' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, असा माझा अंदाज आहे.

हा कारखाना काच बनवायचा नव्हे, काचेवर नक्षी उठवायचा. काचेवर जाड रबरी कागद चिकटवायचा, नक्षीच्या रेषांवरून तो पात्याने कापायचा, हवी तेवढी जागा सोलून मोकळी करायची आणि मग बंद खोलीत वाऱ्याच्या जोरावर वाळूचा फवारा मारायचा. मोकळ्या जागी काच खरवडते आणि दुधासारखी पांढरी होते. झाकलेली जागा तशीच आरपार राहते. पहिली सोळा वर्षं वन्संनी हातात पातं धरून हेच काम केलं.

मग मालकांनी कॉम्प्युटर आणला आणि त्याच्या जोडीला कागद आपोआप कापणारं यंत्र. कारखान्यातले सगळे गडी म्हणाले, हा डबा आपलं काम खाणार, आपण त्याला हात लावायचा नाही. वन्सं म्हणाल्या, मग डब्यावर मी बसते. अडतिसाव्या वर्षी, मराठी शाळेतलं इंग्रजी घेऊन त्या बसल्या. पडद्यावरचे शब्द त्या वाचत नसत, जागेने ओळखत. वरून तिसरं, मग उजवीकडचं, मग खालून दुसरं. एकदा प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली आणि सगळं आपापल्या जागेवरून हललं, तेव्हा आठवडाभर त्या घरी कुणाशी धड बोलल्या नाहीत. शेवटी मालकांनी जुनाच प्रोग्रॅम परत बसवून दिला. निवृत्त होईपर्यंत त्यांनी त्याच्यावरच काम केलं.

त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे हॉस्पिटलातल्या बारा काचा. ऑपरेशनच्या खोल्यांबाहेर एक लांब व्हरांडा आहे. एका बाजूला बाकं आणि समोर, बागेच्या बाजूला, पुरुषभर उंचीच्या बारा काचा ओळीने. त्या बाराही काचांतून एकच वेल जाते. पहिल्या काचेत जमिनीतून निघते आणि बाराव्या काचेत टोकाला पोचते. चार महिने लागले होते त्यांना. ह्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तिथेच साडेतीन तास बसले होते. देवाचं नाव घेत होते आणि डोळ्यांनी वेलीवरून चालत होते, पहिल्या काचेपासून बाराव्यापर्यंत आणि पुन्हा मागे. वन्सं शेजारी बसल्या होत्या. ही वेल त्यांनी काढलीय हे मला तोवर माहीत नव्हतं, आणि त्यांनीही त्या दिवशी सांगितलं नाही. पुढे कधीतरी ह्यांच्या तोंडून कळलं.

तर गेल्या महिन्यात, एका सोमवारी दुपारी, मालकांच्या लेकीचा फोन आला. मालक आता थकले, कारखाना ती बघते. बोलते इतकी भरभर की ऐकणाऱ्याला धाप लागावी. तिने सांगितलं की हॉस्पिटलात दिवे बदलताना शिडी घसरली आणि पाचवी काच फुटली. कुणाला लागलं नाही, देवाची कृपा. पण व्यवस्थापकांनी ठरवलंय की एक काच बदलून तिथे साधी बसवली तर दात पडल्यासारखं दिसेल, त्यापेक्षा बाराही काढून टाकाव्यात आणि साध्या काचांवर छापील फिल्म चिकटवावी. फिल्मवाले गुरुवारी मापं घ्यायला येणार आहेत.

वन्संनी विचारलं, माझी पाचवी पुन्हा करता येणार नाही का. लेक म्हणाली, तेच तर मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, बुधवारी संध्याकाळपर्यंत पाचव्या काचेची नक्षी पूर्ण मापाच्या कागदावर आणून दाखवा, शेजारच्यांशी जुळली तर एकच बदलू, नाहीतर माझा नाइलाज आहे.

फोन ठेवून वन्संनी पदर खोचला आणि मला म्हणाल्या, "चल. माझा चष्मा आणि तुझे डोळे, दोन्ही लागतील."

रिक्षात त्यांनी मला समजावलं की पाचवीच फुटावी हे केवढं दुर्दैव. चौथ्या काचेतून वेलीचा एक देठ बाहेर पडतो आणि सहाव्या काचेत दोन देठ शिरतात. वेलीला फाटा फुटतो तो पाचवीत. कशी फुटते, कुठे वळते, कुठलं पान कुणाच्या मागे जातं, हे आता जगात फक्त फाइलीत आहे. फोटो कुणीतरी काढले असतील, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, आरपार काचेचा फोटो काढलास की बाग येते, फोटो काढणारा येतो, वेल तेवढी येत नाही. मग नव्याने काढता येणार नाही का, असं विचारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांचा उजवा हात मांडीवर होता. दोन वर्षांपासून तो थरथरतो. चहाचा कपसुद्धा त्या दोन्ही हातांनी धरतात. आणि दुसऱ्या कुणी काढलं तर ते त्यांना चाललं नसतं. अर्धा सदरा एका शिंप्याने आणि अर्धा दुसऱ्याने शिवावा, तसं ते दिसलं असतं.

कारखान्यात मालकांच्या लेकीने जुन्या फाइली नव्या कॉम्प्युटरवर आणून ठेवल्या होत्या, 'जुनं' नावाच्या फोल्डरमध्ये. दोनशे चौदा. फोल्डर उघडलं तर चौकोनच चौकोन, सगळे पांढरे. हे चौकोन म्हणजे प्रिव्ह्यू, फाइल न उघडता दिसणारं तिचं छोटं चित्र. कोऱ्या कागदांचा गठ्ठा उलगडून मांडल्यासारखं दिसत होतं. लेक म्हणाली, "ताई, मी दोनदा हे पुसून टाकणार होते. तुम्ही रागवाल म्हणून नाही पुसलं."

तिने पाचवी उघडली. पांढरं पान. चौथी उघडली, तेच. जुना प्रोग्रॅम तर नव्या कॉम्प्युटरवर चालतच नव्हता. तिने आणखी एक प्रोग्रॅम उतरवून घेतला, जुन्या प्रकारच्या फाइली दाखवणारा. त्यातही पांढरं पान. तिने ओळखीच्या एका जाणकाराला फोन लावला, तो म्हणाला, ईपीएस जातीच्या फाइली आहेत ना, वीस-पंचवीस वर्षांच्या, खराब होतात कधीकधी, आता सोडून द्या.

वन्सं खुर्चीत टेकल्या. मी त्यांना चाळीस वर्षं ओळखते, पण पाठ टेकून बसलेल्या कधी पाहिल्या नव्हत्या. "संपलं," एवढंच म्हणाल्या. घरी आल्या, जेवल्या नाहीत. कॅलेंडर माझ्याकडून पुसताना तिरकं झालं होतं, त्याच्यासमोरून दोनदा गेल्या आणि बघितलंही नाही. ह्यांनी मला डोळ्यांनी खूण केली की बोलू नकोस. मी देवापुढे बसले तेव्हा नेहमीपेक्षा थोडी जास्त बसले. काही मागितलं असं नाही. त्यांना त्यांची पाठ परत दे, एवढंच म्हटलं.

मंगळवारी सकाळी वन्संना घरून हलायचंच नव्हतं. मीच म्हटलं, एकदा शेवटचं बघून येऊ, निदान त्या पोरीला पुसून टाकायला तरी सांगा, तिचा कॉम्प्युटर अडलाय. असं म्हटल्यावर मात्र उठल्या.

लेकीने फोल्डर उघडलं. या वेळी चौकोनांऐवजी तिने यादी लावली होती. एका बाजूला फाइलीचं नाव आणि दुसऱ्या बाजूला एक आकडा. आकड्यांचं मला काही कळत नव्हतं, म्हणून विचारलं. ती म्हणाली, हे फाइलीचं वजन समजा, काकू. आत किती भरलंय ते.

आता मी काही शिकलेली बाई नाही. पण विणकाम करते, आणि काल रिक्षात वन्संनी मला सांगितलं होतं की त्यांच्या फाइलीत चित्र नसतंच. चित्र कसं काढायचं ते लिहिलेलं असतं. इथून सुरुवात कर, तिथवर जा, एवढी वळ, थांब. म्हणजे स्वेटरच्या विणीसारखंच की. दोन सुलट, एक उलट. मफलरची वीण अर्ध्या पानात मावते, नक्षीच्या स्वेटरला चार पानं लागतात. आणि इथे पाचव्या फाइलीसमोर चारशे बारा लिहिलं होतं.

मी विचारलं, "कोऱ्या कागदाचं वजन किती असतं गं?"

लेकीने माझ्याकडे बघितलं. मग एक नवी कोरी फाइल केली, आत काहीही न काढता ठेवून दिली आणि तिच्यासमोरचा आकडा वाचला. नऊ.

नऊ आणि चारशे बारा.

वन्सं पुढे सरकल्या. पाठ सुटली खुर्चीपासून. "रिकामी नाही ती," त्या म्हणाल्या. "आत आहे. सगळं आत आहे. सरक, मला बसू दे." लेक सरकली. वन्संनी थरथरता उजवा हात डाव्या हाताने मनगटापाशी धरला आणि पाचवी फाइल उघडली. पांढरं पान. त्यांनी दोन बटणं एकदम दाबली. पानावर जे काही असेल ते सगळं निवडायची ती बटणं होती, हे मला मागून कळलं. नव्या प्रोग्रॅममध्येही ती बटणं हलली नव्हती.

आणि त्या कोऱ्या पांढऱ्या पानावर वरपासून खालपर्यंत तुटक रेघांच्या चौकटी उमटल्या. लहान, मोठ्या, एकमेकींवर चढलेल्या, शेकडो. वेलीच्या प्रत्येक पानाभोवती एक चौकट, आणि ते पान मात्र दिसत नाही. भुतांच्या वर्गाची हजेरी घेतल्यासारखं झालं. सगळे हजर होते, फक्त दिसत नव्हते.

"रंग दे," वन्सं म्हणाल्या. लेकीने खालच्या पट्टीतला काळा रंग दाबला.

वेल आली. एका क्षणात, पानभर, या कडेपासून त्या कडेपर्यंत. चौथ्या काचेकडून येणारा देठ, त्याचं ते दोन फांद्यांत फुटणं, एक फांदी वर जाताना दुसरीला अंगठा दाखवावा तशी वळलेली. लेकीने टाळी वाजवली. मी हात जोडले, आपोआप जोडले गेले. वन्सं मात्र पडद्यावर वाकल्या होत्या. मला वाटलं रडतायत. चष्म्याआड पाहिलं तर हसत होत्या, खांदे हलेपर्यंत.

"पांढऱ्या रेषा आहेत त्या," त्या म्हणाल्या. "मीच काढल्या. पांढऱ्याच काढायचे मी. काचेवर पांढरंच उठतं ना."

मग सगळा उलगडा झाला. पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा शिकवायला आलेल्या माणसाने पडद्यावरचं पान काळं करून दिलं होतं, काचेवर काम केल्यासारखं वाटावं म्हणून. काळ्या पानावर पांढऱ्या रेषा. पंचवीस वर्षं वन्संनी दुसरं पान पाहिलंच नाही, त्यामुळे पान काळंच असतं असं त्या धरून चालल्या होत्या. पण पानाचा रंग फाइलीत उतरत नव्हता. उतरत होत्या फक्त रेषा, पांढऱ्या. कापणाऱ्या पात्याला रंगाशी काही घेणंदेणं नसतं, ते रेषेवरून चालतं, म्हणून कधी कुणाचं अडलं नाही. आणि नव्या कॉम्प्युटरचं पान पांढरं. दुधात खडीसाखर टाकून ती शोधायला बसल्यासारखं झालं होतं आमचं.

"म्हणजे ताई, फाइली खराब नव्हत्या," लेक म्हणाली.

"मी खराब होते. फाइली धडधाकट आहेत," वन्सं म्हणाल्या. एवढ्या खुशीत त्यांना स्वतःला नावं ठेवताना मी प्रथमच ऐकलं.

आता लेकीला जोर चढला. तिने त्या उतरवलेल्या प्रोग्रॅममध्ये शोधाशोध करून प्रिव्ह्यूमागचा रंग काळा केला. एकदाच. आणि फोल्डरमधले दोनशे चौदा चौकोन वरून खाली, ओळीमागून ओळ, उजळत गेले. काल कोऱ्या कागदांचा गठ्ठा होता तिथे अख्खं आयुष्य मांडलेलं होतं. शाळेच्या दारावरचा पृथ्वीचा गोल. न्हाव्याच्या आरशाची किनार. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या दाराचा एकच मोठा डोळा, ज्याला घाबरून मुलं आत जात नसत म्हणून पुढे पापणी मिटवावी लागली होती. पापणी मिटलेली फाइलही शेजारीच होती. एका लग्नाच्या भेटीसाठी काढलेले दोन मासे. ते लग्न मोडलं आणि काच मालकांच्या माडीवर पडून राहिली. वन्सं एकेकावर बोट ठेवत होत्या आणि बोलत होत्या. बोट थरथरत होतं, पण त्याचा त्यांना विसर पडला होता. कारखान्यातली माणसं हातातली कामं टाकून येऊन बघून गेली. एक जुना गडी म्हणाला, "अरे, ही सगळी फूटपट्टीनेच काढलीत?" आणि मग जीभ चावली. वन्सं म्हणाल्या, फूटपट्टीने सरळ रेघ येते, ह्या वळणांना डोकं लागतं.

एवढ्यात लेकीच्या लक्षात आलं की पाचव्या काचेच्या फाइली तीन आहेत. नुसती 'पाच', मग 'पाच नवी' आणि मग 'पाच नवी दोन'. आपण उघडली ती नुसती पाच. वन्संना त्यांतली कुठली बसवली ते आठवेना. काचा बसवताना सुताराने एक खांब सरकवला होता आणि त्यापायी फांद्या बदलाव्या लागल्या होत्या, इतकं आठवत होतं. तिन्हींत देठ होता, तिन्हींत तो फुटत होता. चुकीची काच कापली तर दुसरी संधी नव्हती.

वन्सं म्हणाल्या, "बाराही एका ओळीत लाव. लहानच असू देत. मला रेघ बघायचीय, पानं नाही."

लेकीने बारा प्रिव्ह्यू एका रांगेत लावले, खिडकीला खिडकी चिकटवून. नखाएवढ्या काचा. पहिल्यातून वेल निघाली, दुसऱ्यात गेली, तिसरी, चौथी, आणि पाचव्यापाशी देठ एका पायरीने खाली पडला. नुसती पाच गेली. तिच्या जागी पाच नवी आली. डावीकडे जुळली, उजवीकडे वरची फांदी सहाव्या काचेच्या देठाला चुकवून गेली. तिच्या जागी पाच नवी दोन.

वेल चालत गेली. कुठेही न अडखळता, पाचव्यातून सहाव्यात, दोन्ही फांद्या, आणि थेट बाराव्याच्या टोकापर्यंत. मी आपसूक ह्यांच्या ऑपरेशनच्या दिवसासारखं डोळ्यांनी तिच्यावरून चालत गेले.

बुधवारी सकाळी कापणाऱ्या यंत्रातलं पातं काढून तिथे चक्क पेन बसवलं. ते यंत्र इकडून तिकडे पळत कागदावर वेल काढू लागलं, आणि आम्ही तिघी चुलीवरचं दूध बघावं तसं त्याच्याकडे बघत उभ्या. रुंदी मावत नव्हती म्हणून दोन पट्ट्या काढून चिकटवल्या. पट्ट्या जोडताना वन्सं तीनदा ओरडल्या आणि चौथ्यांदा त्यांनी स्वतःच जोडल्या. गुंडाळी घेऊन चार वाजता आम्ही हॉस्पिटलच्या व्हरांड्यात होतो.

व्यवस्थापक साधे गृहस्थ होते, पण त्यांच्या मागे दहा कामं लागलेली दिसत होती. पाचव्या काचेच्या जागी पुठ्ठा लावला होता, तो त्यांनी काढायला लावला. मी एका बाजूने आणि ते दुसऱ्या बाजूने कागद त्या चौकटीत धरून उभे राहिलो. लेक मागे सरकून बघू लागली आणि तिचा चेहरा उतरला. देठ जुळत नव्हता. डावीकडेही नाही आणि उजवीकडेही नाही. दोन्हीकडे बोटभर वर.

व्यवस्थापक समजुतीच्या सुरात म्हणाले की बाई, तुम्ही खूप प्रयत्न केलेत, मला दिसतंय.

वन्सं जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "कागद चौकटीत घातलात की चौकटीवर टेकवलात?"

व्यवस्थापकांना काही कळलं नाही. वन्सं पुढे आल्या. काच चौकटीच्या आत चारही बाजूंनी बोटभर रुतलेली असते, दिसते त्यापेक्षा ती मोठी असते, आणि फाइल पूर्ण काचेची असते. लाकडाच्या मागे गेलेली वेलसुद्धा त्यांनी काढलेली होती. तुम्ही कागद खालच्या लाकडावर उभा केलात, म्हणून तो बोटभर वर आलाय, त्या म्हणाल्या. त्यांनी खालची कड खाचेत सरकवायला सांगितली. मग डावी. मग उजवी, हलक्या हाताने.

कागद खाली बसला. लेकीने तोंडावर हात ठेवला. बाकांवर बसलेल्या माणसांपैकी दोघं-तिघं उठून उभी राहिली होती. त्यांच्या घरचं कुणीतरी आत होतं, तरीही उठली होती. एक बाई शेजारणीला हळूच म्हणाली, जुळलं बघ.

व्यवस्थापकांनी मान वाकडी करून चौथ्या काचेकडे पाहिलं, मग सहाव्या. "हे तुम्ही काढलंय?" त्यांनी विचारलं. वन्सं मागे सरकत सरकत पार भिंतीपर्यंत गेल्या आणि मग पहिल्या काचेपासून चालू लागल्या. सावकाश. प्रत्येक काचेसमोर थांबून. माझे हात भरून आले. व्यवस्थापकांचेही आले असणार, कारण त्यांनी एकदा 'आता खाली घेऊ का' असं विचारलं. वन्सं तिसऱ्या काचेपाशी होत्या. "धरा," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात व्यवस्थापकांच्या खिशातला फोन वाजू लागला. दोन्ही हात वर, त्यामुळे काढता येईना. एकदा वाजून थांबला, पुन्हा सुरू झाला.

"फिल्मवालेच असतील," व्यवस्थापक अवघडून म्हणाले. "उद्याचं पक्कं करायला."

वन्सं सातव्या काचेपाशी पोचल्या होत्या. वळूनही न बघता म्हणाल्या, "वाजू दे. माझं बघून झालं की हात खाली घ्या, आणि त्यांना कळवून टाका, येऊ नका म्हणून."

व्यवस्थापकांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी खांदा थोडा सावरला, कागद अजून नीट ताणून धरला आणि म्हणाले, बरं. वन्सं आठव्या काचेकडे गेल्या.